आतली केबिन, बारा तासांची गाडी आणि अरबी समुद्र: आमच्या पहिल्या क्रूझचा हिशेब

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात क्रूझचं नाव काढलं की अर्ध्या लोकांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं आणि उरलेल्यांना जहाजावर कोंडून घातल्यासारखं. यंदाच्या जानेवारीत आम्ही मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची सफर करून आलो. तेव्हापासून "नक्की किती लागले?" हा प्रश्न इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरातसुद्धा सुटत नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

माणसं चार: मी, हे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेले चिरंजीव आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७८, माहेर रत्नागिरीकडचं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या बोटीने गावी जात. म्हणजे घरात समुद्राचा अनुभव फक्त त्यांनाच. आम्ही बाकीचे नर्मदेवाले.

चौकशी दिवाळीच्या आधी सुरू केली. जाहिरातीत 'माणशी १९,९०० पासून' असं होतं. हा आकडा कसला, ते आधी समजून घ्या. दोघांनी मिळून सगळ्यात स्वस्त केबिन घेतली तर एकाचं मूळ भाडं तेवढं. त्यावर बंदराचे आकार, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. उलट त्याच केबिनमध्ये तिसरं आणि चौथं माणूस टाकलं तर त्यांचं भाडं बरंच कमी पडतं, फक्त त्यांना वरच्या, भिंतीतून उघडणाऱ्या बर्थवर शिडीने चढावं लागतं. आम्ही तेच केलं. सगळं धरून चौघांचे ८४ हजारांच्या आसपास झाले. एका एजंटाने सुरुवातीला ७५ सांगितले होते. सेवाशुल्काचं विचारलं तर म्हणाला, "ते तिकडे जहाजावर बघून घेतात." अशा वेळी सगळं धरून शेवटचा आकडा लेखी मागावा, व्हॉट्सअॅपवर का होईना. तो एजंट आम्ही सोडला.

केबिनचे साधारण तीन प्रकार असतात: बिनखिडकीची आतली, समुद्र दिसणारी आणि बाल्कनीवाली. आतलीच घ्या, असं मी आता खुशाल सांगेन. झोपायला आणि आंघोळीला सोडलं तर केबिनमध्ये थांबतं कोण? केबिनचा नंबर निवडायची सोय असेल तर मात्र डेकचा नकाशा उघडून बघा. जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी लागतात. आणि डोक्यावर डिस्को नाही ना, हेही पाहून घ्या.

चौथा हिस्सा पैसे लगेच भरले, बाकीचे सफरीच्या आधी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे जहाज पक्कं आणि गाडी अधांतरी असे काही दिवस गेले. त्यात माझी झोप उडाली होती. इंदूर-मुंबई अवंतिका एक्सप्रेसचं थर्ड एसी कन्फर्म मिळालं तेव्हा कुठे मी बॅगा काढल्या.

आता कागदपत्रं. सफर भारतातल्या भारतात असल्यामुळे पासपोर्ट लागला नाही. फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पुरतं: आधार, मतदार ओळखपत्र किंवा असेल तर पासपोर्ट. पॅन कार्ड चालणार नाही, असं सूचनापत्रात ठळक अक्षरांत होतं. श्रीलंकेच्या वगैरे सफरीला अर्थातच पासपोर्ट हवा, आणि लक्षद्वीपला बाहेरच्या भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. आमचं घोडं अडलं ते सासूबाईंच्या नावापाशी. आधारवर त्यांचं नुसतं नाव-आडनाव, तिकिटावर मधे सासऱ्यांचं नाव. दुसऱ्या एजंटाने आधी दुरुस्तीचे दीड हजार सांगितले, मग "आधारची प्रत आम्ही बुकिंगच्या वेळीच दिली होती" हे मेल दाखवल्यावर फुकटात करून दिलं. आधारवर आहे तसंच, अक्षरासकट, तिकिटावर हवं.

ऑनलाइन चेक-इनला अर्धा तास धरून ठेवा. प्रत्येकाचा फोटो, ओळखपत्राचा क्रमांक, घरच्या कुणाचा तरी नंबर, तब्येतीविषयीचे प्रश्न आणि शेवटी बंदरावर पोचायची वेळ निवडायची. आम्हाला एक ते दीडची मिळाली. बॅगांना लावायच्या पट्ट्याही तिथूनच छापून घ्यायच्या. त्या स्टेपल करा, सेलोटेप मुंबईच्या दमटपणात सुटते. गुडघेदुखीवाले कुणी बरोबर असतील तर व्हीलचेअरची मागणी याच वेळी नोंदवा. ऐनवेळी मागणाऱ्यांना बराच वेळ ताटकळताना पाहिलं.

बॅगेत काय नको याची यादी लांबलचक होती: इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, सुरी-कात्री, दारू, घरचं शिजवलेलं अन्न. काय हवं, ते मी सांगते. वेगवेगळ्या पिनांना चालणारा अॅडॅप्टर, कारण आमच्या केबिनमधल्या एका सॉकेटला आपली तीन पिनांची जाडी पिन जात नव्हती. चुंबकाचे हुक, कारण केबिनच्या भिंती पोलादी असतात आणि ओले टॉवेल टांगायला जागा नसते. प्लास्टिकचा एक छोटा मग. का, ते मराठी माणसाला सांगायला नको. आणि जिरावनचं, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्याचं, सीलबंद पाकीट. ते मात्र इंदूरवाल्यांसाठी.

अवंतिका संध्याकाळी इंदूर सोडते आणि भल्या पहाटे मुंबई सेंट्रलला उतरवते. जहाजावर प्रवेश दुपारी. मधला वेळ गिरगावात मावससासूबाईंकडे काढला. नातेवाईक नसतील तर स्टेशनच्या क्लोकरूमची आधीच चौकशी करून ठेवा. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ' सांगून भागत नाही, 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' असं सांगा. लोकलने किंवा मध्य रेल्वेने येणाऱ्यांना सीएसएमटी जवळ.

सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झालेलं नवं क्रूझ टर्मिनल प्रशस्त आहे, पण रांगा त्या रांगाच. आधी गेटवर सीआयएसएफचे जवान ओळखपत्र आणि बोर्डिंग पास ताडून पाहतात. मग मोठ्या बॅगा ताब्यात घेतात, त्या परस्पर केबिनपाशी येतात, आमच्या संध्याकाळी सहानंतर आल्या. म्हणून औषधं, चष्मा, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. त्यानंतर काउंटर, तिथे फोटो काढून प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट आणि तेच जहाजात आत-बाहेर करायचं ओळखपत्र. मग पुन्हा तपासणी. या सगळ्यात दोन तासांहून जास्त गेले.

दुसऱ्या तपासणीत यंत्राने सासूबाईंची पर्स अडवली. त्यांनी आतून पितळी अडकित्ता काढला, मोराच्या आकाराचा, त्यांच्या आजीचा. तपासणीवाली मुलगी पंचविशीची, बहुधा उत्तरेकडची. तिने तो उघडून-मिटून पाहिला, पात्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "माताजी, ये क्या कटर है?" सासूबाईंनी पर्समधली अख्खी सुपारी काढून तिथल्या तिथे प्रात्यक्षिक दाखवायची तयारी केली. मागची रांग हसत होती. शेवटी अडकित्त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, केबिनचा नंबर लिहिला, आम्हाला पावती दिली आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत जहाजाच्या ताब्यात गेला. "अगं, तीन दिवस मी काय दाताने फोडू?" एवढंच त्या मला म्हणाल्या. पावती त्यांनी ब्लाउजमध्ये ठेवली.

जहाजावर चढताच जेवण सुरू असतं आणि सगळे बुफेवर तुटून पडतात. त्याऐवजी खालच्या, टेबलावर वाढणाऱ्या रेस्टॉरंटची चौकशी करा. तेही तिकिटातच असतं, आणि तिथे अर्धीही गर्दी नव्हती.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचं. कुणाला टाळता येत नाही. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आमच्या भोवतीची तरुण मंडळी सेल्फी काढत होती. सासूबाई मात्र लाइफ जॅकेटचे बंद कसे बांधायचे ते दोनदा विचारून आल्या. १७ जुलै १९४७ला रामदास बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाईंचा जन्म त्याच वर्षीचा. त्यांच्या घरात पुढे कितीतरी वर्षं बोटीत पाय ठेवण्याआधी 'रामदास'चं नाव निघायचं.

पाचच्या सुमारास जहाज हललं. हललं ते कळलंच नाही, धक्का मागे सरकायला लागला तेव्हा समजलं. या वेळी वरच्या डेकवरच असा, ह्यातलं काहीही चुकवू नका. गेटवे आणि ताज समुद्राच्या बाजूने दिसतात, मग कुलाबा, त्याच्या टोकाचा प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ, आणि अंधार पडता पडता डाव्या हाताला खांदेरीचा दिवा. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यातलाच हा एक. चिरंजीवांना आम्ही ते सांगत होतो आणि ते आम्हाला सांगत होते, "आई, रेंज जातेय, आजोबांना फोन करायचा तर आत्ता कर."

फोनचं खरंच महत्त्वाचं आहे. किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं आणि काही जहाजांवर उपग्रहाचं महागडं नेटवर्क फोन आपोआप पकडतो. सरळ फ्लाइट मोडवर टाका. वायफाय विकत मिळतं. आम्ही घेतलं नाही. ह्यांचा पहिल्या दिवशी जीव कासावीस झाला, दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी रमी खेळायला लागले.

पैशाचा व्यवहार सगळा त्या कार्डावर. आधी काउंटरवर रोख किंवा क्रेडिट कार्डाने रक्कम जमा करायची, खर्च त्यातून वजा होतो. तिकिटात काय आणि काय नाही, याचं आमचं गणित असं निघालं: तिन्ही वेळचं जेवण, चहा, साधी कॉफी, पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळचे काही कार्यक्रम तिकिटात. बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, फेसाळ कॉफी, दारू, स्पा, फोटोच्या प्रती, मोठा शो आणि वेगळी रेस्टॉरंटं विकत. पाण्याच्या बाटल्या घरून रिकाम्या न्या आणि बुफेवरच्या नळावर भरा. जहाजाचा फोटोग्राफर तर जिथे तिथे गाठतो. काढू द्यावा फोटो, विकत घ्यायची सक्ती नसते. कॅसिनो जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावरच उघडतो. आम्ही दारातून पाहिला आणि निघालो.

बोट लागण्याची भीती मला सगळ्यात जास्त होती, कारण मला मांडूच्या घाटातसुद्धा गाडी लागते. डॉक्टरांना विचारून गोळी नेली होती. ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही. जोडीला आलेपाक. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी डुलणं बरंच कमी होतं, आणि जानेवारीत अरबी समुद्रही शांत असतो. पावसाळ्याच्या तोंडावर स्वस्तात मिळतंय म्हणून जाऊ नका. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती कपाटातल्या हँगरांमुळे: टक, टक, थोडा वेळ काही नाही, पुन्हा टक. हँगरांमध्ये टॉवेल खोचला आणि झोपले. आतल्या केबिनमध्ये मात्र सकाळ होत नाही. काळाकुट्ट अंधार. वेळ फक्त घड्याळाला कळते.

पण त्याआधीची, नऊ-साडेनवाची गोष्ट राहिली. वर डीजे दणदणत होता, इतका की सासूबाईंनी कानात कापूस घातला. आम्ही खालच्या फिरायच्या डेकवर आलो. तिथे चिटपाखरू नाही, नुसता वारा आणि लांबवर मासेमारी होड्यांचे दिवे. केबिनच्या टीव्हीवर वेग ११ नॉट दाखवत होता, म्हणजे ताशी वीस किलोमीटर. सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता हर्णै यायला हवं." मग त्यांनी पुढची बंदरं मोजायला सुरुवात केली: दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बोट बंदराला लागायचीच नाही, खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, माणसं, फणस, ट्रंका, कोंबड्या वर चढायच्या. पडाव आणि बोट एकाच वेळी वर आले की खलाशी पोराला उचलून आत फेकायचा. "मला दोनदा फेकलंय," त्या म्हणाल्या. चिरंजीवांनी हा सगळा वेळ फोनला हात लावला नाही. या डेकवर बसायला एक पैसाही पडत नाही, आणि तीन दिवसांत तिथे आम्हाला जागा मिळाली नाही असं एकदाही झालं नाही.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रात. नाश्त्याला पोहे होते, ओलसर आणि बेचव, पण जिरावन भुरभुरल्यावर शेजारच्या टेबलावरचं नागपूरचं कुटुंब वाटी घेऊन आलं. जेवण एकूण उत्तर भारतीय वळणाचं, जैन पदार्थांचं टेबल वेगळं, पोळ्या जाड. लिफ्टला रांगा, तलावाकाठच्या खुर्च्यांवर सकाळी सातलाच टॉवेल टाकून ठेवलेले. मुलं लहान असतील तर त्यांना हे सगळं स्वर्गच वाटेल. मला दुपारपर्यंत पुरे झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोव्याचं मुरगाव बंदर. जहाजाच्या सहली माणशी आकारतात. आम्ही त्या नागपूरकरांबरोबर बाहेरून मोठी टॅक्सी केली, आमच्या वाट्याला दोन हजार आले. दर उतरण्याआधी ठरवा आणि परत किती वाजता सोडणार, ते दोनदा वदवून घ्या. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही. परतायची वेळ दारातच पाटीवर लिहिलेली असते, तिचा फोटो काढा आणि ती चुकू नये म्हणून तासभर आधीच या. आम्ही समुद्रकिनारा वगळून मंगेशीला गेलो. चढउतार बेताचा, सासूबाईंना झेपला. येताना नागपूरकरांनी घेतलेली फेणी जहाजाच्या दारात जमा झाली, तीही पावती देऊन.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्ट्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशीचे कपडे बाहेर काढलेत ना, हे आधी पाहा. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ सकाळी पायजम्यात काउंटरवर उभे होते. पहाटे दाराखालून बिल सरकतं. प्रत्येक ओळ वाचा. आमच्यात कुणीच न मागवलेल्या दोन ज्यूसचे पैसे लावले होते, पावतीवरची सही आमची नाही असं दाखवल्यावर पाच मिनिटांत वजा झाले. मात्र त्यासाठी सातच्या आत काउंटर गाठायचा, नंतर तिथे जत्रा असते. जमा रकमेतले उरलेले पैसे तिथेच परत मिळाले. अडकित्ता पावती दाखवून टर्मिनलवर मिळाला. सासूबाईंनी चिठ्ठी सोडायच्या आधी पातं तपासलं.

गटागटाने उतरवतात, त्यामुळे बंदराबाहेर यायला साडेअकरा वाजले. परतीची गाडी संध्याकाळचीच ठेवा, दुपारच्या विमानाचा धोका पत्करू नका.

हिशेब असा: जहाज ८४ हजार, रेल्वे दोन्ही वेळची दहा हजारांच्या आसपास, मुंबईतल्या टॅक्स्या दीड हजार, गोवा दोन हजार, जहाजावरचं वरखर्चाचं बिल ४,३००. म्हणजे चौघांचे लाखावर थोडे. वरखर्चातले निम्म्याहून जास्त पैसे मोठ्या शोच्या तिकिटांचे, आणि त्या शोमध्ये हे पहिल्या दहा मिनिटांत झोपले. कुणाला केबिनचे फोटो आणि बिलाची प्रत हवी असेल तर रविवारी सकाळी घरी या, पोहे असतात.